बाहेरची कडी

किल्ली कुलपात जात नव्हती. आत बसून ती ऐकत होती. किल्ली पत्र्यावर घासली, खाली पडली, उचलली गेली, पुन्हा घासली. लाँड्रीतून दुपारच्या सुट्टीत ती घरी आली होती आणि नुकतंच ताट वाढून घेतलं होतं. हा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. पूर्वी तो आला की ती हातातला घास ताटात ठेवून उठायची. आजही उठली.

दारात तिचा नवरा उभा होता. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये तो गाड्यांवर नंबर आणि अक्षरं काढत असे, म्हणून सगळं जग त्याला पेंटर म्हणे. त्याच्या माघारी तीही पेंटरच म्हणायची.

"अहो, आज एवढ्या लवकर?"

"डबा," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "डबा गाडीत राहिला. नाही. गाडी डब्यात राहिली." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

हे हसूही तिच्या ओळखीचं होतं. मागच्या थंडीत याच माणसाचं पोट पाण्याने टम्म फुगलं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि एका सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पलंगापाशी उभं राहून स्पष्ट सांगितलं, यकृत बरंचसं गेलंय, दारू सुटली तर उरलेल्यावर निभेल, नाही सुटली तर नाही. आणि पेंटरने सोडली. ज्याने हजारदा शपथा घेतल्या आणि मोडल्या, त्याने या वेळी शपथबिपथ काही न घेता सोडली. पोटातलं पाणी उतरलं, पायाची सूज गेली, चपला पुन्हा मापात बसू लागल्या. डोळ्यांतला पिवळेपणा निवळला. फोरमनने त्याला हलकं काम देऊन परत बोलावलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "तुला काय बघायचं ते बघ, खिसे तपास, पिशवी तपास. पण मला हुंगू नकोस."

मागणी साधी नव्हती, कारण हुंगणं हा तिचा धंदाच होता. लाँड्रीत ती कपडे घ्यायच्या टेबलावर बसायची. आलेला प्रत्येक कपडा नाकाशी नेऊन डाग कशाचा ते सांगायची आणि त्याप्रमाणे कपडा या नाही तर त्या मशीनला जायचा. "माझ्याकडे मशीन दोन आणि नाक एक," असं लाँड्रीचे मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. तेच नाक घेऊन ती इतकी वर्षं रोज संध्याकाळी नवऱ्यासमोर उभी राहिली होती. तो दारात येई, ती एक पाऊल पुढे होई, तो मान फिरवी. नवरा-बायकोत दुसरं बोलणंच उरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. तरी तिने कबूल केलं आणि शब्द पाळला. तो जवळून गेला की ती चक्क श्वास रोखून धरायची.

आज तिने शब्द मोडला. एक पाऊल पुढे झाली आणि श्वास आत ओढला.

वास आला. गोडसर, कुबट, फार पिकलेल्या फळासारखा. असला वास त्याच्या तोंडाला पूर्वी कधी आला नव्हता. म्हणजे काहीतरी नवीनच धरलेलं दिसतंय, तिने ठरवून टाकलं.

ती ओरडली नाही. ओरडायचे दिवस कधीच संपले होते. तिने त्याला खांद्याला धरून आतल्या खोलीत नेलं, बूट काढले, कुशीवर निजवलं, पलंगाखाली बादली सरकवली. तो काहीतरी पुटपुटत होता. मग तिने खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

ही कडी तिनेच बसवून घेतली होती, मुलगी शाळेत होती तेव्हा. पेंटर प्यायला की घराबाहेर पडायचा आणि कुठल्यातरी गटाराच्या कडेला सापडायचा, म्हणून. मागच्या थंडीपासून कडीला कुणी हात लावला नव्हता. आज ती जड गेली, तिला तळहाताने ठोकावी लागली. ताटावर झाकण ठेवून ती लाँड्रीत परत गेली. रस्ताभर तिला रडू आलं नाही. राग आला, तोही त्याचा कमी आणि स्वतःचा जास्त. इतके महिने आपण आशा धरून बसलो याचा राग.

चार वाजायच्या सुमारास डेपोचे फोरमन लाँड्रीच्या दारात आले. अवघडल्यासारखे उभे राहिले.

"वहिनी, पेंटर घरी पोचला ना?"

"पोचले," ती कुणाचातरी शर्ट उलटा करत म्हणाली.

"तुम्हाला सांगायलाही कसंतरी वाटतंय. पण मीच त्याला घरी पाठवला. एका बसच्या मागे नंबर टाकायचा होता, सातशे पंचवीस. त्याने सात काढला. मग सात. मग परत सात. मी म्हटलं, अरे पेंटर, सात-दोन-पाच. तर म्हणतो, तेच काढतोय. आणि चौथा सात थेट लाल दिव्याच्या काचेवर."

"सरळ होते?"

"काय?"

"सात. सरळ होते का?"

फोरमनना प्रश्नाचा रोख कळेना. "सरळ कसले वहिनी, एक तर आडवा पडला होता. मला वाटलं, झालं, परत सुरू झालं याचं."

तिच्या हातातला शर्ट टेबलावर राहिला. डेपोतल्या कुणालाही विचारलं तरी सांगितलं असतं, आणि फोरमनना तर ते सगळ्यांत आधी आठवायला हवं होतं. पेंटरचा हात थरथरायचा तो प्यायच्या आधी. रात्री तो कितीही झिंगो, कामावर दोन घोट पोटात गेले की हात असा स्थिर व्हायचा की पट्टी न लावता तो बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं काढायचा. "पेंटर शुद्धीत आला तर आज सुट्टी द्या त्याला," अशी तिथे थट्टा चालायची. त्याने संसार वाकडा केला, पण पिऊन एक आकडा कधी वाकडा काढला नाही.

"भाऊजी, तुमची गाडी आहे?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडली. मालकांना काही सांगायचंही तिला सुचलं नाही.

कडी काढली तेव्हा पेंटर दाराशीच, जमिनीवर बसलेला होता. दार ढकलताना त्याच्या गुडघ्याला लागलं. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ती नव्हती. "मालक," तो तिला म्हणाला, "दुकान उघडलं का?" फोरमनने त्याला उठवायला हात पुढे करायला सांगितले, तर पसरलेले पंजे मनगटापासून खाली पडत आणि पुन्हा उठत राहिले.

दवाखान्यात रक्त तपासलं. तरुण डॉक्टर कागद बघत बाहेर आले. "दारूचा एक थेंबही नाही यांच्या अंगात."

तिला आनंद झाला. अगदी खराखुरा, छाती भरून येईल असा. आणि त्याच्या पाठोपाठ शरम आली, ती मात्र गेली नाही.

डॉक्टर समजावत होते. यकृताला रक्तातली घाण साफ करता येईनाशी झाली की ती मेंदूपर्यंत चढते. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, आपलं माणूस ओळखत नाही. श्वासाला गोडसर वास येतो. पोट रोज साफ झालं तर हे टळतं, त्यासाठीच ते पातळ औषध दिलेलं असतं. "घेत होते ना ते रोज?"

"घेत असतील," ती म्हणाली. मागच्या वेळी सिस्टरने हे सगळं तिला सांगितलं होतं. भ्रमिष्टासारखं वागले तर लगेच घेऊन या, हेही सांगितलं होतं. पण त्या दिवशी तिच्या कानांनी दारूचं तेवढं ऐकलं आणि बाकीच्यावर नुसती मान हलवली.

"केव्हापासून असे आहेत?"

"दुपारपासून."

"मग इतका उशीर का केलात?"



मुलगी आता एका दुकानात कामाला होती, ते टाकून तशीच आली. आत जाऊन बापाला बघून आली आणि आईशेजारी बाकावर बसली.

"आई, कडी लावली होतीस का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबाच सारखे म्हणतायत. कडी काढ, कडी काढ."

मुलीने आईचा हात धरला आणि धरूनच ठेवला. हा हात दूर झाला असता तरी आपल्याला चाललं असतं, असं आईच्या मनात येऊन गेलं.

पेंटर दोन दिवस कुठेतरी लांब होता. तिसऱ्या सकाळी त्याने चहा मागितला आणि चहा पाणचट आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा तो परत आल्याची सगळ्यांची खात्री पटली. सिस्टरने त्याच्यासमोर कागद ठेवला. डोकं ताळ्यावर आलंय की नाही ते बघायला ती अशा रोग्यांकडून चांदणी काढून घेत असे.

"हे काय काढलंत पेंटर, बटाटा?"

तो ओशाळला. दुसऱ्या दिवशीची चांदणी जरा बरी होती. त्यानंतरची मात्र त्याने पाठीमागे उशी घेऊन, जीभ दातांत धरून काढली. पाचही टोकं सारखी, वर एका बाजूने सावली, दुकानाच्या पाटीवर असते तशी. सिस्टरने ती औषधांच्या कपाटावर चिकटवून टाकली.

त्या दुपारी दोघंच होती.

"औषध का सोडलंत?"

"अगं, ते घेतलं की सारखं पळावं लागतं. आमच्या शेडपासून संडासापर्यंत आख्खं वर्कशॉप ओलांडायचं. मी निघालो की हेल्पर पोरं बाजूला होऊन रस्ता द्यायची. हॉर्न वाजवायची."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगणार? इतकी वर्षं लोकांनी मला गटारात लोळताना बघितलं, तेव्हा लाज वाटली नाही. आणि आता संडासाची वाटली."

तिला हसू आलं. त्यालाही आलं. मग त्याचं हसू ओसरलं. तो चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"हुंगलंस ना मला?"

"हो."

"नको म्हटलं होतं मी."

"हो."

"कसला वास आला?"

"गोड."

"माझ्या दारूला कधी गोड वास आला होता का गं?"

एका डागापासून दुसरा डाग वेगळा सांगणारं तिचं नाक त्या दुपारीही चुकलं नव्हतं. हा वास वेगळा आहे, हे नाकाने तिला तिथल्या तिथे सांगितलं होतं. तिलाच ते ऐकायचं नव्हतं.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला. "तुला सवय मीच लावली." आणि भिंतीकडे वळून झोपला. क्षमा केली की नुसता दमला, हे तिला समजलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

त्याला सोडायच्या दिवशी मुलीला त्याच्याबरोबर ठेवून ती आधी घरी आली. शेजाऱ्यांकडून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला. स्क्रू गंजले होते, एकाचं डोकंच तुटलं. तळहाताला फोड आला तेव्हा कुठे कडी सुटली. ती तिने बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकली. पेंटर आला, आतल्या खोलीच्या दारापाशी थांबला, उघड्या पडलेल्या भोकांवरून त्याने बोट फिरवलं. आत जाऊन पलंगावर पडला.

औषधाची बाटली आता वर्कशॉपमध्ये त्याच्या रंगाच्या डब्यांशेजारी उघड्यावर असते. फोरमनने त्याची जागा हलवून संडासाजवळच्या शेडमध्ये दिली. हेल्पर पोरं हॉर्न वाजवतात, तेव्हा तो ब्रश उंचावून त्यांना सलाम ठोकतो. चार सातांची ती बस त्याला दुसऱ्या कुणाला दुरुस्त करू द्यायची नव्हती. तो परत येईपर्यंत ती तशीच धावली, आणि एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. दिव्याच्या काचेवरचा सात त्याने टर्पेंटाइनने पुसला.

पुन्हा थंडी आली. रक्ताच्या तपासण्या सुधारल्या. यकृत नवीन होणार नाही, पण उरलेलं चांगलं काम करतंय, असं डॉक्टर म्हणाले. पेंटरने ही बातमी लाँड्रीत येऊन सांगितली, तीही गिऱ्हाइकांसमोर, आणि ती लाजली.

त्या रविवारी ती बाजारातून परत आली तेव्हा पेंटर आतल्या दारापाशी उकिडवा बसला होता. भोकांत लांबी भरून, ती वाळवून, घासून त्याने वरून रंगाचा हात दिला होता. नुसता तेवढ्या जागेला देऊन भागलं नसतं, म्हणून सगळं दारच रंगवून काढलं होतं.

"हात लावू नकोस. ओलं आहे अजून."

"बरं झालंय."

"बरं काय, दिसतंय का काही?"

तिने वाकून बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला, कपड्याला बोटं पुसली आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. या वेळी त्याने मान फिरवली नाही. थोडा वाकला आणि तोंड उघडून तिच्या चेहऱ्यावर सावकाश श्वास सोडला. तिने सवयीने आपला श्वास रोखून धरला होता. तो तसाच वाट बघत उभा राहिला. मग तिने श्वास घेतला.

रंग होता, टर्पेंटाइन होतं, सकाळचा चहा होता.

"जा, हात धुऊन या," ती म्हणाली. "ताट वाढते."

रंग वाळल्यावर ती त्या दारावर हात फिरवून बघते. डोळ्यांना आजही काही दिसत नाही. बोटांना मात्र ती जागा बरोबर सापडते.