झाकणाच्या आतली बाजू

१९७१ सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि मधमाश्यांची एक पेटी माझ्या हवाली झाली होती.

पेटी दिली आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याने. बसने दोन तासांवर, फळबागांच्या मधोमध त्या एकट्या राहत आणि बारा पेट्या सांभाळत. चावऱ्या पेटीतली राणी काढून टाकायची आणि शांत पेटीतल्या राणीचा वंश वाढवायचा, हे त्यांनी वीस वर्षं नेमाने केलं होतं. शेवटी माश्या इतक्या गरीब झाल्या, की आत्याबाई तोंडाला जाळी न लावता, उघड्या हातांनी पोळं उचलत. मी मात्र शेजारच्या शिंप्याकडून मच्छरदाणीची जाळी शिवून घेतली होती. ती बघून म्हणाल्या, "अगं सूनबाई, माश्या बघायला निघालीस की लपायला?"

आमचे हे घड्याळं दुरुस्त करत. ते म्हणाले, "आत्या, घरात एक राणी आहे, तेवढी पुरे नव्हती का?"

"ती तुला पुरून उरलीये. ही तिच्यासाठी आणलीये, तू लांब राहा."

त्यांनी पेटी परसात भिंतीच्या आडोशाला ठेवली आणि दोन दिवस राहून मला शिकवलं. पेटी उघडली की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालायची आणि काय बघितलं ते लिहायचं. "दिसलं तेवढंच लिही. वाटलं ते लिहू नकोस," त्या म्हणाल्या. भुईमुगाच्या शेंगेसारखी घरं पोळ्याला लोंबायला लागली, की आत नवी राणी वाढतेय असं समजायचं. मग जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडून जाते, म्हणून ती घरं कापायची.

"पण आधी अंडी बघ. अंडी असली तर राणी आहे. नसली तर ती मेली असेल आणि माश्या तिच्या जागी दुसरी घडवत असतील. शंका आली तर हात लावू नकोस."

पुढच्या वसंतात बागांमध्ये ऐन फुलोऱ्यात औषध फवारलं गेलं. आत्याबाईंचं कार्ड आलं: "अकराच्या अकरा पेट्या गेल्या. माझ्या माश्या आता फक्त तुझ्याकडे. पाय मुरगळलाय, महिन्याभरात येते. तुझ्या राणीपासून पुन्हा सुरुवात करू."

कार्ड वाचलं आणि त्याच दुपारी मी पेटी उघडली. सात शेंगा लोंबत होत्या. या उडून गेल्या तर आत्याबाईंना काय तोंड दाखवू?

हे परसाच्या दारात उभे होते. "माझं भिंग घेऊन जा. अंडं म्हणे टाचणीच्या टोकाएवढं असतं."

"मला डोळे आहेत."

"आहेत ना. सकाळपासून दोनदा वटारून दाखवलेस."

मी भिंग घेतलं नाही. आभाळ भरून आलं होतं. पोळ्याच्या दोन चौकटी उचलून बघितल्या, अंडी काही दिसेनात. एक लांबट माशी गर्दीत घुसल्यासारखी वाटली. तीच राणी, असं मी ठरवून टाकलं आणि सातही घरं चाकूने कापली. झाकणावर लिहिलं: "राणी दिसली. अंडी आहेत. सात घरं कापली." हेच कार्डावर लिहून आत्याबाईंना कळवलं.

दोन दिवसांनी पेटीचा आवाज बदलला, रडव्या पोरासारखा झाला. मी तिकडे जायचंच टाळू लागले.

आत्याबाई लंगडत आल्या, त्या दोन रिकाम्या पेट्या घेऊनच. पहिलीच चौकट उचलून उन्हाकडे धरली. एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी, कशीही टाकलेली.

"राणी नाही. कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्यात. यातून नुसते नर निघतील." त्या पालथ्या बादलीवर बसल्या. म्हणाल्या, "तुला राणी दिसली होती?"

"हो."

"अंडीसुद्धा?"

"हो, आत्याबाई."

"बरं."

त्यांनी झाकण उलटं करून वाचलं, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, काहीतरी लिहिलं आणि झाकण लावलं. चहा घेतला. ह्यांनी त्यांच्या रिकाम्या पेट्या बसच्या टपावर चढवून दिल्या.

महिन्याभरात माझी पेटी ओस पडली. झाकण न उघडता मी ती माळ्यावर टाकली. पुन्हा कधी माश्या पाळल्या नाहीत.

आत्याबाईंनी दुसरीकडून दोन पेट्या विकत आणल्या. त्या माश्या चावऱ्या निघाल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी आमच्या शिंप्याकडून पहिल्यांदा जाळी शिवून घेतली. हे मला शिंप्याने सांगितलं. त्या दिवशी त्या आमच्या घरी आल्याच नव्हत्या. १९८० साली त्या गेल्या. शिंपी म्हातारपणी मुलाकडे राहायला गेला. आमचे हे जाऊनही अकरा वर्षं झाली. शेवटपर्यंत ते लोकांना सांगत, "माश्यांचं आणि हिचं पटलं नाही." मी त्यांनाही खरं सांगितलं नाही.

गेल्या वर्षी घर सोडताना पेटी माळ्यावरून खाली आली. झाकण मी स्वतः उघडलं. माझ्या ओळीखाली आत्याबाईंचं बारीक अक्षर होतं: "राणी नाही. अंडी कामकरी माश्यांची. सूनबाई म्हणते, राणी दिसली होती."

पेन्सिल फार पुसट झाली आहे. वाचायला मला ह्यांचं भिंग लावावं लागलं.