ताजूचा मेल जाईना

ताजुद्दीन माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दापोलीत रिकामा फिरत होता तेव्हा मीच कफीलच्या, आमच्या अरब मालकाच्या, हातापाया पडून त्याला इथे सौदीत ताइफला आणला. वर्षभरात गुलाबाच्या अत्तरातलं त्याला इतकं कळायला लागलं की कफील दुकानात शिरला की आधी विचारतो, "ताजुद्दीन कुठाय?" मी, शारीक, समोरच बसलेला असतो. गावी हफीजाला फोन केला तरी तेच, "माझा ताजू कसा आहे?" नवरा कसा आहे ते नंतर, आठवलं तर.

त्यात जेद्दाला, शराफिया भागात, आमचं नवं दुकान निघायचं होतं. रियाधच्या एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर जो आणेल तो तिथला मॅनेजर, असं कफीलने सांगून टाकलं. मी इथे जुना, ती जागा माझीच होती. पण ताजूने आठवडाभर खपून दरपत्रक केलं. आणि गुरुवारी, शेवटच्या दिवशी, त्याचा मेल जाईना.

"दुल्हाभाई, येणारे मेल येतायत, जाणारा एक पण जात नाय. पासवर्ड परत टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आउटबॉक्समध्येच अडकलाय. बघा ना जरा."

कारण मला बघायच्या आधीच ठाऊक होतं. आदल्या दिवशी दुकानात नवं इंटरनेट आलं होतं, आणि मेल पाठवायचा जुना पोर्ट त्यावर बंद होता. सेटिंगमध्ये पंचवीसच्या जागी पाचशे सत्त्याऐंशी टाकलं की काम झालं. माझ्या कॉम्प्युटरवर मी सकाळीच टाकलं होतं.

"सर्व्हरची भानगड दिसते," मी म्हणालो. "आपल्या हातात काही नाही. थांब जरा." आणि असरच्या नमाजाला निघून गेलो. नमाजात लक्ष कसलं लागतंय! नुसता जळत होतो.

परत आलो तर ताजू माझ्या खुर्चीत. "तुमच्याकडनं गेला, दुल्हाभाई! तुमच्या मेलवरनं पाठवला, म्हणून खाली नाव पण तुमचंच टाकलं. हॉटेलवाल्यांचा घोळ नको व्हायला."

रविवारी ऑर्डर आली, माझ्या नावावर. कफीलने पाठ थोपटली, "मबरूक, शारीक! जेद्दाला तू." मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सगळ्यांच्या आधी ताजूने मला मिठी मारली, आणि त्याचा इतका राग मला आजवर कधी आला नव्हता.

संध्याकाळी हफीजाला फोन लावला. ती आनंदाने रडत होती. मला राहवेना.

"हफीजा, ऑर्डर ताजूची आहे. सगळी मेहनत त्याची. मेल का अडकला ते मला माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही."

ती रडता रडता हसायला लागली.

"ताजूने सांगितलंच होतं, दुल्हाभाई सगळं श्रेय मला देतील म्हणून. पण त्यासाठी स्वतःला इतकं वाईट ठरवायचं? किती मोठ्या मनाचे हो तुम्ही! अगदी माझ्या ताजूसारखे."