त्रिवेणीचं कासव

हैदराबादेत नारायणगुड्याच्या एका शाळेत चारुलताबाई तिसरीला चित्रकला शिकवायच्या. यंदा प्रदर्शनासाठी त्यांनी मुलांना देशोदेशीच्या पद्धतीने प्राणी काढायला लावले. ओमकारने मेक्सिकोसारखं भडक रंगांचं मांजर काढलं. त्रिवेणीने ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी काढतात तसं ठिपक्यांचं कासव काढलं. पण ठिपके अर्ध्याच पाठीवर. उरलेली पाठ नुसती निळी.

आदल्या संध्याकाळी चित्रं लावताना बाई तिथे अडखळल्या. पोरीला वेळ पुरला नसेल. उद्या पाहुणे येणार. त्यांनी काडी रंगात बुडवली आणि उरलेली पाठ ठिपक्यांनी भरून टाकली.

नेमकं त्याच कासवाला पहिलं बक्षीस मिळालं. मुख्याध्यापक हणमंतरावांनी नाव पुकारलं. त्रिवेणी चित्रापाशी गेली आणि थबकली.

"सर, हे अर्धंच माझं आहे. हे ठिपके मी नाही दिले."

"मग कुणी दिले?"

"माहीत नाही."

लोक हसले. हणमंतराव मात्र चिडले. "घरून करून आणायचं नाही, हे बजावलं होतं ना?" बक्षीस ओमकारला गेलं. त्रिवेणीची आई भाग्यलक्ष्मी शरमेने उठली, सगळ्यांदेखत लेकीला थप्पड मारली आणि दंड धरून तिला बाहेर घेऊन गेली.

चारुलताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोनदा पुढे झाल्या, दोनदा परत मागे सरल्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या हणमंतरावांकडे गेल्या. "सर, ते ठिपके माझे."

त्यांनी बक्षिसांच्या यादीची घडी करून खिशात घातली. "आता सगळ्यांसमोर निकाल कसा फिरवायचा, बाई? राहू द्या."

फाटकापाशी मायलेकी रिक्षाची वाट बघत होत्या. बाईंनी सगळं सांगितलं. भाग्यलक्ष्मीचा चेहरा उतरला.

"बक्षिसाचं जाऊ द्या, टीचर. पण मी हिला चार लोकांत थप्पड मारली हो."

"मला वाटलं, तुझं राहून गेलं," बाई त्रिवेणीला म्हणाल्या.

"राहिलं नव्हतं. कासव पाण्यात होतं. पाण्यातली पाठ नीट दिसते का?"

सोमवारी बाईंनी वर्गात उभं राहून आपली चूक सांगितली, कान धरले. पोरं खिदळली. त्रिवेणी हसली नाही. कागद वाटले, तशी ती खाली मान घालून चित्र काढू लागली. फिरत फिरत बाई तिच्या बाकापाशी आल्या, तेव्हा तिने डावा हात कागदावर आडवा ठेवला आणि त्या पुढे जाईपर्यंत काढला नाही.