तिसऱ्यावरून दुसऱ्यावर

आई गेल्यानंतरच्या एप्रिलमध्ये मी बाबांना मदेराला नेलं. बेटावर उतरल्याबरोबर भाड्याची गाडी घेतली. लहानशी, पांढरी, हाताने गिअर टाकायची. चालवणार मीच, कारण बाबांची नजर आता गाडीलायक राहिली नव्हती. तीस वर्षं आमच्या वूज शहराच्या रस्त्यांवर ट्राम चालवलेल्या माणसाला शेजारच्या सीटवर बसवणं ही त्यांनाही शिक्षा होती आणि मलाही.

चौथ्या दिवशी आम्ही डोंगरावरून समुद्राकडे उतरत होतो. उतार इतका उभा की पुढचा रस्ता दिसायचाच नाही. एकदम खालची लाल कौलं दिसायची आणि त्यापलीकडे पाणी. आमचं शहर ताटासारखं सपाट. असल्या रस्त्यावर मी कधी गाडी घातली नव्हती.

"कालिना, ब्रेकवरचा पाय काढ."

"पाय काढला तर थेट समुद्रात जाऊ, बाबा."

"म्हणून तर गिअर खाली घे म्हणतोय."

"ही तुमची ट्राम नाहीये. जरा गप्प बसा ना!"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी बोलले ते जरा जास्तच झालं हे मला कळत होतं, पण माघार घेतली नाही.

दोन वळणांनंतर जळका वास आला. केळीच्या बागांमध्ये कुणीतरी कचरा जाळत असेल असं वाटलं. पुढच्या वळणाआधी मी ब्रेक दाबला, तर पाय चिखलात रुतावा तसा खाली गेला. गाडी हळू झालीच नाही.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये."

आता ओरडतील असं वाटलं. पण ते स्टेशनावर चौकशी करावी तसे म्हणाले, "बरं. कितव्या गिअरवर आहेस?"

"तिसऱ्या."

"दुसरा टाक. क्लच हळू सोड."

इंजिन किंचाळलं. पट्टा छातीत रुतला. वेग कमी झाला, पण पुरेसा नाही. वळणाखालून बसचा भोंगा ऐकू आला.

"हॉर्न दाब. सोडू नकोस. माझ्याकडे काय बघतेस, रस्त्याकडे बघ!"

त्यांनी हँडब्रेक धरला. थोडा ओढायचे, थोडा सोडायचे, पुन्हा ओढायचे. बस पलीकडच्या भिंतीला चिकटून उभी राहिली होती. आम्ही तिच्या आणि कठड्याच्या मधून निघालो. काड्कन आवाज झाला आणि माझ्या बाजूचा आरसा गेला. बसच्या काचेमागे एका बाईने पर्स छातीशी घट्ट धरलेली मला दिसली.

"आता पहिला."

"जात नाहीये!"

"जाईल. थोडी रेस दे, मग टाक."

खडखडत गिअर पडला. गाडी धावत्या माणसाच्या वेगावर आली. उजवीकडे एका घराच्या अंगणात चढणारा सिमेंटचा रस्ता होता.

"उजवीकडे घे. वर."

मी चाक फिरवलं. गाडी चढली, कोंबड्या फडफडत पळाल्या, आणि आचका देऊन इंजिन बंद पडलं.

पुढच्या चाकांतून धूर येत होता. मी पाण्याची बाटली घेऊन धावले तेव्हा मात्र बाबा ओरडले, "पाणी नको! तापलेलं लोखंड तडकेल!"

घरातून एप्रन बांधलेली म्हातारी बाहेर आली. तिने मागच्या चाकाला दगड लावला, दोन खुर्च्या आणून ठेवल्या आणि धुराकडे बोट दाखवून तीन बोटं वर केली. अशी तिच्या अंगणात घुसलेली आमची गाडी तिसरी, असा त्याचा अर्थ असावा.

तिने दिलेला ग्लास बाबांना धरता येईना. पाणी पँटवर सांडलं. मी तो त्यांच्या तोंडाशी धरला.

"एकदा पानगळीत ओल्या रुळांवर ट्राम घसरली होती माझी," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. तिथे वर जाणारा रस्ता नव्हता." त्यांनी पँटवरचं पाणी झटकलं. मग म्हणाले, "काय झालं ते फक्त तुझ्या आईला माहीत होतं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "मघाशी तसं बोलायला नको होतं मी."

"नकोच होतं," ते म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

दोन तासांनी भाड्याच्या गाडीवाल्यांचा माणूस दुसरी गाडी घेऊन आला. मी पाव तास तिच्यात नुसती बसून राहिले. मग पहिल्या गिअरमध्येच उतरायला लागले. मागे सात-आठ गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले.

"वाजवू देत," बाबा म्हणाले.