चार इंची पाइपातला देवजी

बेलपाड्याच्या कमलाकरकडे एक असा डोळा होता, की तो लोकांच्या घरात मोरीच्या वाटेनं शिरायचा आणि घरच्यांनी जगापासून काय काय लपवलं ते सांगायचा. अंगठ्याएवढा कॅमेरा, त्याच्या तोंडाभोवती बारीक दिव्यांचं कडं, मागे साठ मीटर ताठ वायरीचं रीळ आणि रिळाला जोडलेली पडद्याची पेटी. वायर पाइपात सारत जायची, पडद्याच्या कोपऱ्यात मीटरचा आकडा पळत राहायचा, आणि एकही फरशी न फोडता कळायचं, तुंबलंय कुठं. बापाचं मिठागर सरकारी संपादनात गेलं, पैसे आले, तेव्हा गावातल्या इतरांनी गाड्या घेतल्या. कमलाकरनं हे घेतलं आणि खांदा कॉलनीपासून पळस्प्यापर्यंत 'कॅमेरेवाला' म्हणून नाव काढलं.

त्या डोळ्यानं काय नाही पाहिलं! एका पाइपात सासूबाईंची कवळी हसत बसली होती, सूनबाई म्हणाल्या, "छान दिसतेय, राहू द्या तिथंच." दुसऱ्या एका पाइपातला खेकडा तर इतका सरावला होता, की दिवा दिसला की नांगी वर करून फोटोला उभा राहायचा. खोटं वाटलं तर खांदा कॉलनीत विचारा. खेकडा आता नाही, पण त्याला ओळखणारी माणसं आहेत.

तर त्या रविवारी सकाळी कमलाकर मनिषाबाईंच्या न्हाणीघरात उकिडवा बसून वायर सारत होता. मनिषाबाई हातात पोह्यांची बशी घेऊन त्याच्या खांद्यावरून मालिका बघावी तशा पडद्याकडे बघत होत्या. आठ मीटर. नऊ. दहा. कमलाकर बोटाबोटानं वायर सारू लागला.

अकरा मीटरवर देवजी बसला होता.

चार इंची पाइप आणि साडेपाच फुटी माणूस. कसा मावला ते त्याचं त्यालाच ठाऊक. गुडघे छातीशी घेतलेले, केसांतून काळं पाणी ठिबकतंय, उजेडानं दिपून डोळ्यांवर हात आडवा धरलेला. बोटांच्या फटीतून त्यानं पाहिलं आणि रोजचंच विचारलं, "शेठ, साफ दिसतंय ना?"

"ईऽऽ, केवढा तो गुंता!" मनिषाबाई म्हणाल्या. "आमच्या अंकिताचे केस. रोज सांगते तिला. अहो भाऊ, घाम का आलाय तुम्हाला?"

"बंद खोली हाय ना ताई," कमलाकर म्हणाला आणि वायर ओढू लागला.

चार महिने हे असं चाललं होतं. पाइप कुणाचाही असो, कामोठ्यातला असो की कळंबोलीतला, अकरा मीटर झाले की देवजी हजर. दुसऱ्या कुणाला तो दिसायचा नाही. लोकांना केस दिसायचे, कपडा दिसायचा, झाडाची मुळं दिसायची.

देवजी जिवंत होता तेव्हा डोंगराकडच्या कातकरी वाडीवर राहायचा. वीटभट्टीवर काम असलं की भट्टीवर, नसलं की नाक्यावर उभा. चार महिन्यांपूर्वी निलांबर सोसायटीचं मोठं चेंबर तुंबलं. आदल्याच दिवशी सोसायटीची पूजा झाली होती, दोनशे पानं उठली होती. उपसायची गाडी दोन दिवसांनी येणार होती. सेक्रेटरी इंद्रजीत म्हणाला, "दोन दिवस लोकांनी काय करायचं? माणूस बोलवा."

'माणूस बोलवा' म्हणजे कुठला माणूस, हे सोसायटीत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. चौऱ्याऐंशी घरांत माणसं राहत होती, पण ही हाक त्यांच्यातल्या एकासाठीही नव्हती.

मग नेहमीचा रिवाज. चेंबरपाशी उदबत्ती, आणि उतरणाऱ्याला दारूची क्वार्टर. वास सहन व्हावा म्हणून. ती ओतायला वॉचमनच्या खोलीत एक पेला वेगळा ठेवलेला होता, त्याला दुसरं कुणी हात लावत नसे. देवजी प्यायला, तोंड पुसलं आणि चेंबरच्या काठावर थबकला. त्याला त्या भोकाची भीती वाटत होती. म्हणून त्यानं काठावर पेटी घेऊन बसलेल्या कमलाकरला विचारलं, "शेठ, साफ दिसतंय ना?"

कमलाकरनं पडद्यावर पाहिलं. वरचं पाणी ओसरलेलं, तळाशी नुसता गाळ, भिंती कोरड्या, चित्र आरशासारखं. गेल्या वर्षभरात सगळ्यांनाच ही खोड लागली होती. कॅमेऱ्यात नाही ते आत नाहीच, असं लोक धरून चालत, आणि कमलाकर तर सर्वांत आधी.

"साफ दिसतंय रे," तो म्हणाला. "उतर."

गटारातला वायू कॅमेऱ्यात येत नाही. त्याला रंग नसतो, आकार नसतो. दीड मिनिटात सगळं संपलं.

नंतर सोसायटीनं पोलिसांना लिहून दिलं, की सदर इसम भंगार शोधत आवारात शिरला आणि दारूच्या नशेत पाय घसरून पडला. खाली सह्या झाल्या. एक कमलाकरची. पण आत सोडलेला कॅमेरा आणि वरची पेटी त्या दिवशी चालूच राहिली होती. चित्र आणि आवाज, दोन्ही पेटीत उतरलं होतं. कमलाकरनं ते पुसायला किती वेळा बोट नेलं; बटणापर्यंत जायचं आणि तिथंच आखडायचं. दाखवावं, तर त्यात त्याचाच आवाज.

देवजीची बायको मंगळी दर आठवड्याला बेलपाड्याला येऊन त्याच्या फाटकाशी उभी राहायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही.

"शेठ, तुमच्या पेटीत माजा माणूस हाय म्हनतात."

"नाय ग बाय. पुसलंय ते."

"तो पिऊन पडला, असा कागद हाय. वाडीवर पोरांना चिडवतात, तुजा बापूस बेवडा. त्याला बोलवला कुनी, पाजली कुनी, ते कागदात नाय. तेवढा लिवला पायजे. दुसरा काय नको मना."

"पुसलंय म्हटलं ना," असं म्हणून कमलाकर दार लावायचा आणि दारामागेच उभा राहायचा.

मनिषाबाईंच्या न्हाणीघरातून तो वायर गुंडाळत होता, तेवढ्यात फोन वाजला. इंद्रजीत.

"कमलाकरभाऊ, अर्जंट या. मेन चेंबर परत चोकअप. फक्त एकदा बघून ओके द्या, माणूस आलेला आहे."

निलांबरच्या मागच्या अंगणात उदबत्ती लागलेली होती. नाकाला रुमाल लावून पंधरा-वीस जण उभे. चेंबरचं झाकण बाजूला सरकवलेलं आणि काठावर चड्डी-बनियनवर काशिराम, देवजीचा धाकटा भाऊ. हातात तोच वेगळा पेला, भरलेला.

"तू?" कमलाकरच्या तोंडून निघालं. "भाऊ गेला तिथंच?"

काशिराम हसला. "मंग काय, शेठ. घरान्याचा धंदाच झाला आता आमचा ह्यो. वयनीला सांगू नका, मारील मना."

कमलाकरनं कॅमेरा सोडला. एक मीटर, दोन मीटर. आज देवजी अकरापर्यंत थांबला नाही. तिसऱ्याच मीटरला त्याचा चेहरा अख्खा पडदा व्यापून बसला, इतका जवळ की पापण्यांना चिकटलेला गाळ दिसत होता. डोळ्यांवर हात नव्हता. आणि या खेपेला त्यानं काही विचारलंही नाही. नुसता बघत राहिला.

विचारलं ते काशिरामनं. "शेठ, साफ हाय ना?"

"आहे रे, आहे," इंद्रजीत घड्याळाकडे बघत म्हणाला. "भाऊ, सांगा ना त्याला. पाहुणे येणारेत माझ्याकडे."

कमलाकरनं वायर भराभर ओढून घेतली. मग झाकण सरकवून धाडकन चेंबरवर बसवलं आणि स्वतः वर मांडी घालून बसला.

"अहो, हे काय? उठा!"

"नाय उठत. कोन उतरनार नाय हितं."

"मग एवढ्या लोकांनी जायचं कुठं?"

"गाडी येईपर्यंत धरून ठेवा. नायच जमला तर तुमी उतरा, इंद्रजीतसाहेब. तुमचंच हाय आतलं, परकं काय नाय. क्वार्टर मी पाजतो तुमाला."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. इंद्रजीत लाल झाला. "तोंड सांभाळ! त्या दिवशीचं माझ्या अंगावर ढकलायचंय का तुला? तुझीही सही आहे त्या कागदावर!"

"हाय ना. खोटी सही हाय." कमलाकरनं मांडीवर पेटी उघडली. "खरं काय ते हितं हाय."

भर दुपारी, चौऱ्याऐंशी घरांच्या खिडक्यांखाली पेटीतून आवाज घुमला. आधी इंद्रजीतचा: "पाज रे त्याला, लवकर उतरव." मग देवजीचा प्रश्न. मग स्वच्छ, खणखणीत, कमलाकरचा: "साफ दिसतंय रे. उतर."

काशिरामनं हातातला पेला हळूच खाली ठेवला. जमलेल्यांतला एकेक जण जिन्याकडे सरकू लागला. त्यांच्याकडे बघत कमलाकर म्हणाला, "जावा, जावा. तुमचे पन आवाज हायेत यात."

मग तो काशिरामला घेऊन वाडीवर गेला. मंगळी भांडी घासत होती. तो अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "मी खोटं बोललो, बाय. चल."

पोलीस ठाण्याच्या दाराबाहेर इंद्रजीत आणि सोसायटीतले पाच-सहा जण मागोमाग येऊन उभे राहिले होते; आत अधिकाऱ्यानं पेटी टेबलावर ठेवून घेतली. सगळं पाहिलं, ऐकलं. "हा 'उतर' म्हणणारा कोण?"

"मी."

"विचार करून सांगताय? आरोपींत नाव येईल."

"लिवा. पूर्ण नाव लिवा. सोसायटीनं बोलावला, सोसायटीनं पाजला, मी उतरवला. याच क्रमानं लिवा."

मंगळीचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. चार महिन्यांनी नवरा दिसत होता. पडद्यावर देवजी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबला होता, वर बघून कुणाला तरी हात करत होता. मग तो दिसेनासा झाला. मागे उरला आवाज. एक खोकला. दुसरा. मग भिंतीवर काहीतरी घासल्याचा, पुन्हा पुन्हा.

अधिकाऱ्यानं मान वळवली आणि आवाज कमी करायला हात पुढे केला. मंगळीनं त्याचं मनगट धरलं.

"साहेब, बारीक नका करू," ती म्हणाली. "मोठा करा. ते भाईरचे लोक हायेत ना, त्यांना आयकू जाऊ दे."