चेंबरातला पत्रा

शर्यतीच्या गाडीच्या मालकाने शेडच्या दारात उभं राहून दोनदा घसा साफ केला, तरी थोरलीने मान वर केली नाही. ती पत्र्यावर रिव्हेट ठोकत होती. आलेला माणूस कोण आहे हे तिला बुटांवरूनच कळलं होतं.

"बाई, एक पत्रा हवा होता. चेंबरचा."

"तुम्हाला? चेंबरात पत्रा घालायला ती काय ट्रंक आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो ना. तेव्हा गाडीवर माझा भाऊ होता. आता तुमचा भाचा आहे."

मालक हसला. अडचण झाली की तो हसायचा. "सरळ रस्ता संपला की पोरगा ब्रेक मारतो आणि तेलाचा दिवा लागतो. तेल काठोकाठ आहे. रविवारी शर्यत आहे हो."

"शनिवारी मैदानावर मिळेल," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने हातोडी खाली ठेवली. सावज आपल्या पायांनी चालत आलं होतं.

मोटारसायकलच्या इंजिनात तेल तळाशी, चेंबरात साठलेलं असतं. त्यात एक नळी बुडालेली असते. पंप त्या नळीतून तेल ओढतो आणि फिरणाऱ्या भागांना पाजतो. आता भरलेली बादली घेऊन पळा आणि एकदम थांबा. पाणी पुढे उसळतं, मागची बाजू उघडी पडते. जोरात ब्रेक मारला की चेंबरातही तेच होतं. तेल पुढे धावतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप नुसती हवा ओढतो. पुष्कळांना वाटतं, हे वळणात झुकल्यावर होत असेल. पण वळणात तेल गाडीबरोबरच झुकतं. खरा घात ब्रेकला होतो. इलाज तसा साधा आहे. नळीभोवती पत्र्याचं कुंपण घालायचं आणि त्याला फक्त आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपा लावायच्या. तेल आत येतं, पण त्याला बाहेर पळता येत नाही.

असाच पत्रा थोरलीने मालकाला आधीही नेऊन दाखवला होता. तेव्हा तिचा धाकटा भाऊ मालकाची गाडी पळवायचा. मालकाने पत्रा उलटून पालटून पाहिला, ट्रंकेचा विनोद केला आणि परत दिला. पुढच्याच शर्यतीत, सरळ रस्त्याच्या शेवटी, इंजिन सीझ झालं, आतल्या आत जखडलं. मागचं चाक अडकलं आणि धाकटा गाडीखाली आला. चेंबर फुटून होतं नव्हतं ते तेल सांडलं, त्यामुळे आत किती होतं हे कोणालाच दाखवता येईना. धाकट्याला उचलून नेत असतानाच मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तेल न बघता निघाला. कोरडी गाडी पळवली कोरड्याने!"

कंबरेचं हाड जुळलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. धाकटा पेट्रोल भरायला गेला तरी कोणीतरी ओरडायचं, "कोरड्या, तेल बघितलंस का रे?" त्याला कोणी गाडी देईना, दुरुस्तीलाही हात लावू देईना. मग तो बहिणीच्या शेडमध्ये बसू लागला आणि तिने केलेला प्रत्येक पत्रा तपासू लागला. त्यासाठी त्याने पारदर्शक प्लास्टिकचा चेंबर बनवून ढकलगाडीवर बसवला होता. बाजूला दांड्याने फिरवायचा पंप, आणि त्याला आरपार दिसणारी नळी.

मालकाचा पत्रा थोरलीने शुक्रवारी पुरा केला. इतकं मन लावून तिने कधी कानस चालवली नव्हती. कडा अशा गुळगुळीत केल्या की बोट फिरवत राहावं. फक्त झडपा बाहेर उघडणाऱ्या लावल्या. तेल बाहेर जाईल, परत आत येणार नाही. एकदा चेंबर बंद झाला की बघायला कोण जातंय?

धाकट्याने पत्रा हातात घेतला आणि लगेच म्हणाला, "ताई, झडपा उलट्या लागल्यात."

"माहीत आहे."

"कोणाचा आहे?"

"मालकाचा."

धाकट्याने तो तसाच बसवला आणि ढकलगाडीला एक हिसका दिला. पंपाचा दांडा फिरवताच नळी बुडबुड्यांनी पांढरी झाली.

"पोरगं पडेल," तो म्हणाला.

"तू नाही पडलास?"

"पडलो. म्हणून तर सांगतो, मालक पडत नसतो." त्याने दांडा सोडला. "पोरगं पडेल, चेंबर फुटेल, तेल सांडेल. मग मालक काय म्हणेल? हाही कोरडाच निघाला! शब्द त्याच्या तोंडात तयार आहे, ताई. मार भाच्याला बसेल आणि मालक पुढच्या शर्यतीला तिसरा कोणी आणेल."

"मग काय, पाया पडू त्याच्या?"

"पाया कशाला? पळव त्याला. सगळ्यांसमोर."

 थोरलीने ड्रिल उचललं आणि एकेक रिव्हेट काढून झडपा सरळ लावल्या. राग जराही उतरला नव्हता. तो वाया जाऊ द्यायचा नव्हता, एवढंच.

शनिवारी मैदानावर गाड्यांची तपासणी चालू होती. मालकाने हात पुढे केला. "द्या."

"आधी बघून घ्या. मी न दाखवता माल देत नाही." तिने ढकलगाडी मध्यावर आणली. माणसं जमलीच. "तेल तुम्ही ओता. नाहीतर उद्या म्हणाल, कमी होतं."

मालकाने खुणेपर्यंत तेल ओतलं.

"पुरे आहे?"

"आहे."

"मोठ्याने."

"काठोकाठ आहे, बाई!"

तिने भाच्याला पंपाचा दांडा फिरवायला दिला आणि मालकाला ढकलगाडी ढकलायला लावली. पत्रा अजून तिच्या हातातच होता. मालक पोट सांभाळत पळू लागला. "मालक, गिअर बदला!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"ब्रेक!" थोरली म्हणाली.

मालकाने ढकलगाडी धरून थांबवली. तेल पुढच्या भिंतीवर चढलं, नळीचं तोंड उघडं पडलं आणि बुडबुडे सरसर वर आले. भाच्याचा हात थांबला.

"मामा, ही तर हवा आहे."

"पुन्हा," थोरली म्हणाली.

पुन्हा तेच झालं. मग तिने पत्रा बसवला आणि मालकाला आणखी एकदा पळवलं. या वेळी नळीत तेलाची धार तुटली नाही. भाचा आधी त्या नळीकडे आणि मग काठी टेकून उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघत राहिला.

"मामा, तुम्ही तर म्हणाला होतात, हा तेल बघायला विसरला."

"चल, उशीर होतोय." मालकाला धाप लागली होती. "काढून द्या तो पत्रा."

"देते की. माझ्या भावाच्या गाडीत तेल होतं का, तेवढं सांगा आणि न्या."

"हे काय नाटक लावलंय?"

भाच्याने हातमोजे काढून गाडीच्या सीटवर ठेवले. "तुम्ही सांगेपर्यंत मी बसत नाही, मामा."

मालक हसायला गेला, पण ते जमलं नाही. "होतं," तो पुटपुटला.

"काय होतं?"

"तेल."

"तिकडे तोंड करून. मागच्यांना ऐकू येत नाही."

मालक वळला. "हिच्या भावाच्या गाडीत तेल होतं. पंपाला पोचलं नाही. पत्रा मी बसवू दिला नाही." एवढं बोलून त्याने खिशातून रुमाल काढला.

 मघाशी गिअरचा विनोद करणारा पुढे आला आणि धाकट्याला म्हणाला, "माझाही दिवा लुकलुकतो रे. जरा बघतोस?" धाकटा त्याच्या गाडीकडे निघाला, जाता जाता बहिणीच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "ताई, बास आता."

"तुझं बास. जा तू."

तिने चेंबरातून पत्रा काढला, पुसला आणि हातातच धरला. "त्या टोकाच्या गाडीवाल्यांनी ऐकलं नाही," ती मालकाला म्हणाली. "त्यांना सांगून या."

मालकाने भाच्याकडे पाहिलं. भाचा हाताची घडी घालून उभा होता. मालक निघाला आणि थोरली पत्रा घेऊन त्याच्या मागोमाग गेली. एका मांडवातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी त्याने तेच सांगितलं. शेवटी त्याचा आवाज बसला आणि त्याने हात पुढे केला.

"द्या आता."

"अजून गेटवरचा पहारेकरी राहिलाय," थोरली म्हणाली. "चला."