सदतीस अंश

मित्रांनो, आमच्या संस्थेच्या जिन्याखाली फ्रिजसारखं दिसणारं एक जुनं कपाट उभं आहे. दार उघडलंत तर आत पाहुण्यांसाठी ठेवलेल्या रबरी सपाता दिसतील, एक मोडकी छत्री दिसेल आणि कोणीतरी कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं. ते कपाट म्हणजे मी. मी एक जुना इन्क्युबेटर आहे. माझ्या अंगाला हात लावलात तर मी आता गार लागेन. पण एके काळी माझ्या पोटात अष्टौप्रहर सदतीस अंश ऊब असे, निरोगी माणसाच्या अंगात असते तेवढीच. त्यात तसूभर कमीजास्त झालेलं मला खपत नसे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आतून चकचकीत पत्रा, बाहेर जाड दार आणि त्याच्या आत दुसरं काचेचं दार, असा माझा थाट होता. मला तपासणाऱ्या कारागिराने दहा दिवस मला सलग चालू ठेवलं, रोज सकाळ-संध्याकाळ तापमान टिपलं आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा पठ्ठ्या दगा देणार नाही." ते शब्द मी आयुष्यभर जपले. मग चार हमालांनी धापा टाकत मला दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत चढवलं आणि माझी नोकरी सुरू झाली.

माझी नोकरी पेशी सांभाळण्याची होती. पेशी म्हणजे तुमच्या शरीराचा सगळ्यात लहान जिवंत भाग. अशा अब्जावधी पेशी मिळून तुम्ही झाला आहात. त्या शरीराबाहेर काढल्या तरी लगेच मरत नाहीत. त्यांना ऊब, दमट हवा आणि खाऊ मिळाला की त्या जगतात, एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार. त्यांचा खाऊ म्हणजे चपट्या बाटलीत ओतलेलं लालचुटुक पाणी. या पाण्याची एक खोड होती. पेशी ते पीत, आपला कचरा त्यातच टाकत, आणि पाणी आंबट झालं की लालाचं पिवळं होई. संथ पेशींची बाटली पिवळी व्हायला सहा दिवस लागत, अधाशी पेशींची दोन दिवसांत होई. कोणाची बाटली कधी पिवळी होते हे मला तोंडपाठ होतं. मित्रांनो, हा रंग तेवढा लक्षात ठेवा. पुढे तो कामी येईल.

माझी देखभाल करणाऱ्या संशोधक बाईंना सगळे ताई म्हणत. ताई कामाला वाघ आणि शिस्तीला त्याहून कडक. माझ्या दारावर तिने स्वतःच्या हाताने लिहून एक कागद चिकटवला होता: "एका वेळी एकाच जातीच्या पेशी बाहेर काढा. प्रत्येकीचा खाऊ वेगळा ठेवा." कारण अधाशी पेशींचा एक थेंब जरी संथ पेशींच्या बाटलीत पडला, तरी महिनाभरात अधाशी पेशी सगळी बाटली व्यापतात आणि मूळच्या पेशींचा मागमूस उरत नाही. दिसायला बाटली तीच, वरची चिठ्ठी तीच, आत मात्र भलतंच कोणी. हा नियम मोडला म्हणून ताईने एकदा खुद्द विभागाच्या सरांनाही फैलावर घेतलं होतं. सर बिचारे मान खाली घालून ऐकत उभे राहिले.

आणि मग टकळी आली.

टकळी ताईच्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. वय सात वर्षं. तोंड क्षणभर मिटत नसे म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. बोलणं घोड्यासारखं धावायचं, पाय मात्र तिला साथ देत नव्हते. चालताचालता ती मटकन खाली बसे. इस्पितळात तिच्या दंडाच्या कातडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला होता आणि त्यातल्या पेशी ताईने माझ्या वरच्या फळीवर वाढवल्या होत्या. त्या पेशी बघायला ती आईबरोबर आली. ताईने बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिला कडेवर उचललं.

"मावशी, ह्या मी आहे?"

"तुझ्या पेशी आहेत."

"त्यांना भूक लागते?"

"लागते ना. पण तुझ्यासारख्या कटकट करत नाहीत."

"आणि त्या पण पडतात का गं माझ्यासारख्या?"

 ताई स्टुलावर बसली, टकळीला मांडीवर घेतलं आणि समजावू लागली. प्रत्येक पेशीच्या पोटात केंद्रक असतं, केंद्रकात डीएनएचे लांबच लांब धागे असतात, आणि त्या धाग्यांवर शरीर कसं घडवायचं याच्या कृती लिहिलेल्या असतात. एक कृती म्हणजे एक जनुक. "तुझ्या स्नायूंना घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. त्याच्या कृतीत एक अक्षर चुकलंय, म्हणून ते तयारच होत नाही."

"कोणी चुकवलं?"

खिडकीपाशी उभ्या असलेल्या अक्काने तोंड फिरवलं. ताई घाईने म्हणाली, "कोणीच नाही गं. नक्कल उतरवताना कधीकधी होतं असं. प्रत्येक कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून येते, एक बाबांकडून. एक जरी धड असली तरी भागतं. तुझ्या वाट्याला दोन्ही चुकलेल्या आल्या."

"मग तू बरोबर लिहून दे की!"

"तेच करतेय. एका विषाणूतलं आजार करणारं सगळं काढून टाकायचं. त्याच्या पोटात बरोबर लिहिलेलं जनुक भरायचं. तो पोस्टमनसारखा पेशीच्या दारी जातो आणि पत्र आत टाकतो."

"आणि पोस्टमनने पत्र दुसऱ्याच घरी टाकलं तर?"

ताई हसली. मीही तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. आता त्या प्रश्नाची आठवण झाली की हसू येत नाही.

हे पोस्टमन तयार करायला आणखी एका जातीच्या पेशी लागत. त्या माझ्या खालच्या फळीवर राहत. त्याही माणसाच्याच, पण फार पिढ्यांपासून बाटलीत वाढलेल्या. त्यांची भूक राक्षसी होती, म्हणून बाटल्या धुणारे मामा त्यांना 'खादाड' म्हणत. कोणतंही नवं जनुक त्या मुकाट गिळत. टकळीच्या पेशी मात्र संथ आणि नखरेल होत्या. त्यांची बाटली सहा दिवस लाल राही. मला त्यांचा फार लळा होता.

त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितलं की टकळीची पाठ वाकत चालली आहे, कणा फुप्फुसांवर दाबतो आहे. पाठीचं ऑपरेशन करायचं तर याच वर्षी, श्वासात जोर आहे तोवर. टकळीचं पुढचं आयुष्य त्या एका वर्षावर टांगलेलं होतं.

एका दुपारी ताई काचबंद ओट्यावर खादाडांना खाऊ घालत होती. फोन वाजला. टकळी शाळेच्या पायऱ्यांवर पडली होती, उठत नव्हती, तिला इस्पितळात नेत होते.  पुढे दोन दिवस सुट्टी होती. टकळीच्या पेशींना आज खाऊ मिळाला नसता तर त्यांची उपासमार झाली असती. तिने माझं दार उघडलं, टकळीची बाटली घेतली आणि खादाडांची बाटली ओट्यावर तशीच असताना तिच्याशेजारी ठेवली. ओटा पुसला नाही. खाऊची बाटली तीच, खाऊ ओतायची नळीही तीच. घाईत माझं बाहेरचं दार उघडंच राहिलं होतं, म्हणून आतल्या काचेतून मला सगळं दिसलं. एकच थेंब असेल. ज्या बाईने तो नियम लिहिला, तिनेच तो मोडला, आणि तोही मायेपोटी.

माझ्याकडे शिट्टी होती, मित्रांनो. पण ती ऊब कमी झाली तरच वाजायची. त्या दिवशी माझी ऊब सदतीस अंश होती. मी गप्प राहिलो.

तीन आठवड्यांनी टकळीची बाटली चार दिवसांत पिवळी झाली. पाचव्या आठवड्यात दोन दिवसांत. ताई आनंदाने ओरडलीच, "अगं बाई! किती छान वाढायला लागल्यात!" ज्या मुलीचं रोज काहीतरी कमीच होत होतं, तिचं काहीतरी वाढताना पाहून मावशीला भान राहिलं नाही. मामा बाटल्या विसळताविसळता म्हणाले, "ताई, तुमची भाची हल्ली खादाडांसारखी पिवळी पडतेय की."

"दृष्ट लावू नका, मामा."

मामा हसून पुन्हा कामाला लागले.

पुढे तिने त्या पेशींत बरोबर जनुक सोडलं. ते पोचलं की पेशी हिरवी चमकावी, अशी खूण त्याला जोडली होती. शंभरातल्या ऐंशी पेशी चमकल्या! सगळी प्रयोगशाळा बघायला जमली. फक्त सर म्हणाले, "उड्या मारायच्या आधी पेशींची ओळख पटवून घ्या. टकळीच्या रक्ताशी डीएनए जुळवून बघा."

"करते, सर. नमुना पाठवते," ताई म्हणाली. तो नमुना तीन महिने पाठवायचा राहिला.

मात्र फोन तिने त्याच दिवशी केला, माझ्या दाराला पाठ टेकून. "अक्का, टकळीच्या पेशी दुरुस्त झाल्या! अगं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं मी. पाठीचं ऑपरेशन थांबव. सहा महिने कळ काढ. एवढ्याशा जिवाची चिरफाड कशाला उगाच?" पलीकडे अक्का रडत होती. ते रडणं सुखाचं होतं. मला माझ्या आयुष्यात कधी इतकं असहाय वाटलं नाही.

अहवाल आला तेव्हा पाच महिने उलटले होते. ताईने तो उभ्याउभ्या वाचला, परत वाचला. त्या बाटलीत टकळीची एकही पेशी उरली नव्हती. सगळ्या खादाड होत्या. तिने माझं दार उघडलं, पिवळी बाटली उजेडात धरली आणि पुटपुटली, "दोन दिवसांत पिवळी. दोन दिवसांत. मला कसं कळलं नाही?" मग ती तिथेच फरशीवर बसली. मामांनी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

संध्याकाळी अक्का स्वतः आली. ताईने काही लपवलं नाही. त्या दुपारच्या घाईपासून सगळं सांगितलं. अक्का ओरडली नाही, की रागावली नाही. फक्त म्हणाली, "पण तू म्हणाली होतीस ना." आणि निघून गेली. तोवर टकळीचा श्वास इतका उणावला होता की भूल सोसणार नाही म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला.

शीतपेटीत टकळीच्या अस्सल पेशींची एक कुपी शिल्लक होती. ताईने ती काढली, हळूहळू ऊब दिली आणि माझ्या वरच्या फळीवर ठेवली. खादाडांना तिने दुसऱ्या खोलीत हलवलं. सहा दिवस बाटली लाल राहिली. मी ओळखलं, ह्या त्याच. तिने पुन्हा सगळा प्रयोग केला, या वेळी ओळख पटवून. शंभरात तीन पेशी चमकल्या. तीनच, पण खऱ्या. ताईने वहीत तीन लिहिले आणि कोणालाही फोन केला नाही.

थंडीत टकळीला साधी सर्दी झाली. चांगल्या पाठीच्या मुलाला ती आठवडाभर नाक गाळायला लावते आणि जाते. टकळीला ती घेऊन गेली.

ताई बारा दिवस आली नाही. सर स्वतः येऊन बाटलीत खाऊ घालत. टकळी गेली होती, पण तिच्या पेशींना ते कोणी सांगितलं नव्हतं. त्या माझ्या उबेत खात होत्या, एकीच्या दोन होत होत्या, आपल्या जुन्याच संथ चालीने. तेराव्या दिवशी ताई आली.  माझं दार उघडून तिने बाटली काढली. पाणी नुकतं कुठे नारिंगी होऊ लागलं होतं. तिने ती बाटली गालाला लावली.

"मामा," ती म्हणाली, "अजून गरम आहे हो."

मामांनी नळ बंद केला. मी सदतीस अंश धरून ठेवले. तेवढंच माझ्या हाती होतं.

त्या दिवशी ताईने माझ्या दारावरच्या कागदाखाली आणखी एक ओळ लिहिली: "बाटली वेळेआधी पिवळी झाली तर आनंद करू नका. आधी थांबा, कोण आहे ते विचारा." पुढे माझी ऊब छत्तिसावर घसरू लागली, शिट्टी अवेळी वाजू लागली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. वर आता नवा इन्क्युबेटर आहे. त्याच्या दारावरही ताईने त्याच ओळी चिकटवल्या आहेत असं ऐकतो. ती अजून टकळीच्याच पेशींवर काम करते. शंभरातल्या तिनाच्या आता अकरा झाल्या आहेत, असं मामा परवा सपाता काढताना कोणाला तरी सांगत होते.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही कोणी डॉक्टर व्हाल, कोणी संशोधक व्हाल. आपल्याला हवं तेच समोर दिसलं की डोळे आनंदाने भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांना रंग नीट दिसत नाहीत. तेव्हा डोळे पुसून पुन्हा एकदा बघा. आमच्यासारख्या मुक्या वस्तू रंगाने बोलतात, त्यांचं ऐका. बाटली धुणारा माणूस काही म्हणाला, तर त्याचंही ऐका.

आणि जाताना माझं दार तेवढं नीट लावून घ्या. आत सपातांशिवाय काही नाही हे मला ठाऊक आहे. पण दार उघडं राहिलं की माझा जीव अजून वरच्या फळीत अडकतो.